आईच्या डब्यातल्या तीन चिठ्ठ्या

गुहागरच्या घरी आईचा औषधांचा डबा आवरताना गोळ्यांच्या पाकिटांखाली तीन चिठ्ठ्या सापडल्या. तिन्ही चिठ्ठ्या शाळेच्या पडवीत वेगवेगळ्या वर्षी भरलेल्या आरोग्य शिबिरांच्या. साखर १४८, १७६ आणि २१२. रक्त उपाशीपोटी घेतले की जेवणानंतर, हे एकीवरही लिहिलेले नव्हते आणि तिन्ही वेळा आईची नोंद नवीन रुग्ण म्हणूनच झाली होती. आकडा चढत गेला, तो कुणाच्याच नजरेस आला नाही.

जुनाट आजार समजून घ्यायचे तर त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे परत जावे लागते. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५,२०९ स्त्री-पुरुषांपासून असे काम सुरू झाले आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचे हृदयविकाराशी असलेले नाते त्यातून उलगडले. मात्र ती माणसे जवळजवळ सगळी गोरी होती; त्यांच्यावरून बांधलेले अंदाज आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

म्हणून मॉरिशसमधले काम मला अधिक मोलाचे वाटते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्यांत आपल्या रत्नागिरीकडचीही कुटुंबे होती, त्यामुळे ते बेट मला परके वाटत नाही. १९८७ साली तिथे हिंदू, मुसलमान, क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी वंशाचे) आणि चिनी अशा चारही समाजांतील सुमारे ५,००० प्रौढांची तपासणी झाली, आणि मधुमेह केवळ भारतीय वंशाच्या लोकांत नव्हे, तर चारही समाजांत दहा टक्क्यांच्या वर आढळला. वेगवेगळ्या खंडांतून आणि बंदरांतून आलेली माणसे एका पिढीत बदललेले तेच खाणेपिणे आणि तेच बैठे जगणे जगू लागली, तेव्हा आजाराचे सगळे खापर रक्तावर फोडता येईनासे झाले. पुढे सरकारने शिधावाटपाच्या पामतेलाऐवजी मुख्यतः सोयाबीन तेल आणले. १९९२ च्या फेरतपासणीत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर आलेले दिसले. त्याच पाच वर्षांत लठ्ठपणा मात्र वाढला आणि मधुमेह हटला नाही. एकदाच तपासणी करून थांबले असते, तर यातले काहीही कळले नसते.

आपल्या किनाऱ्यावरही कुणबी, भंडारी, गाबीत, खारवी, कोकणी मुसलमान एकमेकांच्या शेजारी राहतात, आणि त्यांच्या ताटातला भात-मासा सारखा असला तरी अंगमेहनत सारखी नाही. अशा अभ्यासाला इथे खरी अडचण येईल ती चाकरमान्यांची, कारण आज वाडीत नाव नोंदवलेला तरुण उद्या मुंबईला जातो आणि यादीतून गळतो. तरीही तो गणपतीला आणि शिमग्याला घरी येतोच. फेरतपासणीच्या तारखा त्या हिशेबाने धरल्या, तर बरीच माणसे हाती लागतील.

तिन्ही आकडे मी तारखांसह एका वहीत उतरवून आईच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लिहून दिली आहे, आणि वहीत चौथ्या आकड्यासाठी ओळ आखून ठेवली आहे.