तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी ऑइल खायलीय, इंजिन खोलू काय?

खानापूर, निपाणी, चिकोडी, अगदी पलीकडच्या चंदगडातूनही हा प्रश्न येतो. कुणीतरी हौसेनं जुनी स्पोर्ट्स कार घेतलेली असते आणि दोन महिन्यांत फोन येतो, "गाडी ऑइल खायलीय की ओ! इंजिन खोलू काय?" बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. बोअरिंग-होनिंग, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून कापणं-घासणं, हे रोजचं काम, आणि असलीच एक गाडी मी स्वतः सांभाळलीय, म्हणून मला विचारतात. खोलायची वेळ येईलही, पण आधी मोजा, एवढंच मी सांगतो.

माझी गाडी दोन दारांची, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 62,000 किलोमीटर फिरलेली, कोल्हापुरातून घेतलेली. पहिल्याच पावसाळ्यात गोव्याला निघालो. जांबोटी मागे पडलं आणि कणकुंबीच्या अलीकडं ऑइलचा पिवळा दिवा लागला. बॉनेट उघडून ऑइल मोजायची कांडी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. टोकालाही ओल नव्हती. गाडीखाली वाकून बघितलं तर कुठं गळतीचा डाग नाही. पुढं चोर्ला घाट होता. ऑइल कमी असताना वळणावर ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडात हवा जाते आणि क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, बेअरिंग कोरडे पडतात. मी इंजिन बंदच ठेवलं, एका टेम्पोनं जांबोटीला परत गेलो आणि ऑइल आणलं. तुमच्याही डिकीत त्याच ग्रेडचं एक लिटर कायम असू द्या.

गावात दोन मतं मिळाली. एक मिस्त्री कानडीत म्हणाला, "एण्णी कुडीतैती", म्हणजे तेल पितीय, "स्वभावच आहे तिचा." दुसऱ्यानं उभ्या उभ्याच सांगितलं, इंजिन उतरवा, रिबोअर करा, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करा. मोजलं दोघांनीही नव्हतं.

मोजायची रीत सोपी आहे. इंजिन गरम झालं की गाडी सपाट जागी लावा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. वर नको. जास्त झालं तर क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि तेही जळायला जातं. मग 1000 किलोमीटर चालवा, मध्ये जेवढं घालाल तेवढं मापून वहीत लिहा, शेवटी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. कित्येक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. काही कंपन्यांच्या पुस्तकात 1000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं. माझ्या वहीत 900 मिली आलं. हे स्वभाव म्हणून सोडून द्यायचं काम नव्हतं, कारण जळालेलं ऑइल प्लग खराब करतं आणि सायलेन्सरच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू मारतं.

मग धूर बघायचा. ऑइलचा धूर निळसर असतो. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एकदाच भपकारा आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत राहिला तर रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना आला तर टर्बोही बघून घ्या. आणि आपल्याला तर चोर्ल्याचा उतार आहे. गिअरमध्ये, पाय उचलून उतरताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद असतो, आत जोराची ओढ तयार होते आणि ऑइल रिंगांवरून, व्हॉल्व्ह गाइडमधून वर खेचलं जातं. खाली केरीच्या सपाटीला मी पाय दाबला आणि आरशात मागचा रस्ता निळा दिसला.

इंजिनाला हात लावण्याआधी एक स्वस्त गोष्ट तपासा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उचला. माझं निघता निघेना, आतून ओढून धरल्यासारखं, आणि बारीक शिट्टी वाजत होती. म्हणजे क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पोटाची) वाफ परत घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला. तो बदलला, शिट्टी थांबली आणि वहीत 900 चे 650 झाले. कित्येकांचं काम एवढ्यावरच भागतं.

माझं भागलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला तर चारही सिलिंडर उत्तम, सारखे. इथंच फसायला होतं. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा सांभाळतात. तिसरी, ऑइल रिंग, भिंतीवरचं ऑइल खरवडून पिस्टनच्या छिद्रांतून खाली सोडते. ती चिकटली तरी कॉम्प्रेशन छान दाखवतं. प्लग काढून पिस्टनवर कार्बन विरघळवणारं द्रावण ओतून रात्रभर ठेवलं, दोनदा. थोडा फरक पडला, महिन्याभरात पुन्हा तेच.

तेव्हा खोललं. पिस्टन माझ्याच टेबलावर आला. ऑइल रिंग खाचेत अशी बसलेली की नखानं हलेना. मागची छिद्रं काळ्या डांबरासारख्या थरानं भरलेली, टाचणीसुद्धा आरपार जाईना. बोअर गेजनं चारही बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोजले. ना ओव्हल (लंबगोल), ना टेपर (निमुळते), होनिंगच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट. रिबोअर केलं असतं तर चांगला धातू फुकट कापला गेला असता, आणि हे मी बोअरिंगवर पोट असलेला माणूस सांगतोय. नवे, मोठ्या छिद्रांचे पिस्टन आणि रिंगा टाकल्या, व्हॉल्व्ह सीलही त्याच वेळी बदलले. पहिले 1000 किलोमीटर एकाच वेगानं हायवेला ताणली नाही, कमी-जास्त करत चालवली आणि मग ऑइल बदललं. आता वहीत 100 मिलीच्या आत आहे.

जाड ऑइल घाला, बाटलीतलं औषध घाला म्हणणारे भेटतील. त्यानं धूर काही दिवस कमी दिसतो, चिकटलेली रिंग मोकळी होत नाही.

तेव्हा उद्या सकाळी झाकण उचलून शिट्टी येते का बघा, आणि वही आजच सुरू करा. 1000 किलोमीटर झाले की ती घेऊन दुकानात या. गेज मी काढून ठेवतो.