डी वाढलं, पोट मात्र वेगळ्याच वाटेनं मोकळं झालं

लेकाच्या रक्ताच्या रिपोर्टात व्हिटॅमिन डी 11 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर), म्हणजे कमी निघालं तेव्हा घरात सगळ्यांना हायसंच वाटलं. त्याच्या बद्धकोष्ठतेचं एकदाचं कारण सापडलं! नणंदेनं तर चंदगडहून फोनवर स्वतःच्या पुडीचं नावही सांगून टाकलं, साठ हजार युनिटवाली, आठवड्याला एक. पुढं झालं ते मात्र बरंच लांबलं, आणि त्यात चमत्कार असा काही नव्हता. आमच्या बेळगाव-खानापूर भागात मुलांच्या पोटाविषयी बायका आपसात पुष्कळ बोलतात, डॉक्टरांसमोर कमी. म्हणून सविस्तर लिहिते.

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. संडासला चार-चार दिवस जायचा नाही. कळ आली की हा कपाटामागं जाऊन उभा राहायचा. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांत घट्ट, मुठीत पडद्याचं टोक आणि तोंड लालबुंद. बघणाऱ्याला वाटावं जोर लावतोय. प्रत्यक्षात तो धरून ठेवत असायचा. कळ जिरली की पुन्हा खेळायला मोकळा. शेवटी व्हायचं ते एवढं मोठं आणि कडक की कमोड तुंबायचा, कधी त्यावर रक्ताची रेघ. मधल्या दिवसांत चड्डीला पातळ डाग लागायचे. ते बघून सासूबाई म्हणायच्या, "हगवण लागली पोराला," आणि ताक-भात सुरू व्हायचा.

उपाय काय कमी झाले? एरंडेल झालं, भिजवलेल्या मनुका झाल्या, विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावणं झालं. देठाच्या त्या प्रकारानंतर तर पोरगं संडासाचं नाव काढलं तरी घर डोक्यावर घ्यायला लागलं.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा आत बसलेल्या सिस्टरनी आधी कन्नडमधून विचारलं, "होट्टी ब्यानी ऐतेनु?" पोट दुखतं का म्हणून. त्यानं मान हलवली. डॉक्टर मराठीच बोलत होते. त्यांचा पहिला प्रश्न ऐकून मी चकित झाले: जन्मल्यावर पहिली शी किती वेळात केली होती? रात्री जन्मला, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत केली, हे मला पक्कं आठवत होतं. ती दोन दिवसांपेक्षा लांबली असती तर आतड्याच्या जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागली असती म्हणे. वजन-उंची वाढतेय ना, हिरव्या उलट्या होतात का, चालताना पाय लटपटतात का, पोट कायम फुगलेलं असतं का, हेही विचारलं. वाढ नीट आहे, बाकी सगळ्याला नाही, असं म्हटल्यावर त्यांनी त्याला आडवं झोपवलं आणि माझा हात धरून त्याच्या बेंबीच्या खाली डावीकडे ठेवला. हाताला गोळा लागला. घट्ट, लांबट. मलच होता तो सगळा.

मग त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. एकदा दुखलं की मूल धरून ठेवतं. धरलेल्यातलं पाणी आतडं शोषून घेतं, मल आणखी कडक होतो, पुढच्या वेळी जास्त दुखतं. हळूहळू आतडं तिथं ताणून सैल पडतं आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. चड्डीला लागायचं ती हगवण नव्हेच. गोळ्याच्या कडेनं पातळ मल झिरपत होता, पोराला त्याचा पत्ताही नसायचा. एवढं ऐकल्यावर "मुद्दाम करतोय" म्हणून त्याच्यावर ओरडणं घरात बंद झालं.

माझं मन मात्र रिपोर्टातच अडकलेलं. डीचं काय? त्यांनी सरळ सांगितलं. लॅबवाले कागदावर 30 ची रेघ मारतात, तिच्या खाली निम्मं गाव सापडेल. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2021 च्या सूचनांप्रमाणे मुलांना 20 च्या वर पुरेसं, 12 ते 20 अपुरं, 12 च्या खाली कमतरता. म्हणजे आमचं 11 खरोखरच कमी होतं, औषध द्यायलाच हवं. डी फार घसरलं, मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झाला, तर पोटाचे स्नायूही ढिले पडतात आणि संडासला त्रास होऊ शकतो. जुनी बद्धकोष्ठता असलेल्या मुलांत डी कमी सापडतं असं काही अभ्यासांत दिसलंय, हेही त्यांनी नाकारलं नाही. "पण घरात बसणारं, दुधावर जगणारं मूल दोन्ही यादीत असतंच की," म्हणाले. डी भरून काढायचं ते हाडांसाठी. साचलेला गोळा डीच्या थेंबांनी हलणार नाही.

नणंदेची पुडी सांगितल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. मनानं डी वाढवत गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि त्याचं एक लक्षण बद्धकोष्ठताच! शिवाय उलट्या, सारखी तहान, सारखी लघवी, मूत्रपिंडाला धोका. त्याला रोज 3000 युनिटचे थेंब, बारा आठवडे. त्यानंतर रोजचे 600.

पोट साफ करायचं काम आम्ही दसऱ्याच्या सुट्टीवर ठेवलं. आपल्याकडे शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते ते बरं, कारण त्या दिवसांत मूल संडासापासून लांब जाऊ शकत नाही. औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात विरघळवून. वजनाप्रमाणे आधी मोठा डोस, मग रोजचा लहान. ती मलात पाणी धरून ठेवते, बस्स. पहिल्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपासून जे सुरू झालं ते विचारू नका. पोटात मावलं कसं एवढं, असं सासूबाईच म्हणाल्या.

खरी परीक्षा त्यानंतरची. पोट साफ झालं, आता पावडर बंद करू या, सवय लागेल, असा घरात जोर. सवय लागत नाही, लवकर बंद केली तर गोळा परत साचतो, किमान दोन महिने चालूच ठेवायची आणि सुरळीत होऊन महिना गेला की मगच हळूहळू उतरवायची, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, कारण पोटात अन्न पडलं की आतडं आपसूक हलतं. कमोडवर पाय लोंबकळू नयेत म्हणून मी पूजेतला जुना पाट पायाखाली दिला, गुडघे वर आले की निम्मं काम होतं. झालं तर शाबासकी, नाही झालं तर काही बोलायचं नाही.

दुधावरून घरात खरी लढाई झाली. घरची म्हैस, आणि दुधाचा पेला नाकारणं म्हणजे सासूबाईंच्या लेखी पापच. तीन-तीन पेले दूध आणि बरोबर बेकरीचं बटर, मग भाकरीला जागा राहणार कुठं? दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं. भाजी, पेरू आणि पाणी वाढवलं. रताळी तर आपल्या भागात त्या दिवसांत ढिगानं येतात, उकडून डब्यात दिली.

उन्हाचं सांगायचं राहिलं. आमच्यात बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतात. पण डी तयार करणारे किरण सकाळी तिरप्या उन्हात फारसे पोचतच नाहीत, ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात मिळतात, आणि खिडकीच्या काचेतून अजिबात नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ऊन बघायलाच मिळत नाही. त्यामुळं पाऊस उघडल्यावर दुपारच्या सुट्टीत मैदानावर खेळू द्या, एवढंच बाईंना सांगितलं.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट कळली. शाळेच्या संडासाला आतून कडी नव्हती. मोठी मुलं दार ढकलायची, म्हणून हा सकाळपासून दाबून ठेवायचा. बाईंनी कडी बसवून घेतली आणि तो विचारेल तेव्हा सोडायचं कबूल केलं.

बारा आठवड्यांनी डी 27 आलं. पोट त्याच्या कितीतरी आधी मोकळं झालं होतं. पावडर आता निम्म्यावर आहे, मध्ये एकदा सर्दी-तापात पाणी कमी पडलं आणि दोन दिवस पुन्हा कपाटामागं उभा राहिला, तेव्हा डॉक्टरांना विचारून थोडी वाढवली. मेमध्ये आजोळी खानापूरला जाणार आहे. पाट बरोबर न्यायचाय, तिथल्या संडासाला कडी आहे का ते आईला आत्ताच विचारून ठेवलंय.