'घराण्यातच आहे'

माझ्या आजोबांना दमा होता, आत्याला लहानपणापासून आहे, आणि आता पावसाळा लागताच माझ्या धाकट्या मुलाच्या छातीत घरघर सुरू झाली की घरातील वडीलधारी मंडळी 'घराण्यातच आहे' एवढे म्हणून मोकळी होतात. या म्हणण्यात तथ्य किती, हे शोधत मी सतराव्या गुणसूत्रापाशी पोहोचलो.

बालपणी सुरू होणाऱ्या दम्याचा या गुणसूत्राच्या १७क्यू२१ या भागातील जनुकीय फरकांशी संबंध असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. ओआरएमडीएल३ आणि जीएसडीएमबी ही जनुके याच भागात आहेत. हे फरक मुळीच दुर्मीळ नाहीत; ते अंगी असलेल्या बहुतेकांना दमा कधीच होत नाही. मात्र तान्हेपणी घरात सिगारेटचा धूर असेल, किंवा सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने छाती घरघरली असेल, तर या फरकांचा दम्याशी असलेला संबंध अधिक ठळक होतो.

मला खरा धक्का बसला तो पुढे. युरोपातील ग्रामीण मुलांच्या २०१६ मधील एका अभ्यासात, जोखमीचा मानला गेलेला हाच फरक असलेल्या मुलांना गोठ्यातील वावरामुळे घरघरीपासून संरक्षण मिळाल्याचे आढळले. म्हणजे ज्या मुलांना धूर अधिक बाधतो, गोठ्याचा लाभही त्यांनाच होतो. वारसा रोगाचा नसून परिसराला चटकन प्रतिसाद देण्याचा आहे, असे मला वाटते. त्याच वर्षी अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांची आनुवंशिक जडणघडण बरीच सारखी, तरीही दम्याचे प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के आणि हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. आमिश लोक घरालगतच्या गोठ्यात पारंपरिक पद्धतीने गुरे राखतात, तर हटराइटांची शेती मोठी आणि यांत्रिक आहे. आमिशांच्या घरातील धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी अधिक सापडले. (दमा जडलेल्या मुलाला आता गोठ्यात नेऊन बसवावे, असा याचा अर्थ नव्हे, त्याला तीच धूळ त्रासदायक ठरू शकते.)

आत्याचे सारे बालपण आजोबांच्या बिडीच्या धुरात गेले, ही गोष्ट घराण्याच्या हिशेबात कोणीच धरत नाही. मुलासाठी पंप लिहून देताना डॉक्टरांनी घरात कोणाला दमा आहे का, असे विचारले, तेव्हा मीही केवळ नात्यांची यादी सांगितली. त्याच्या खोलीत रात्रभर जळणाऱ्या डासांच्या अगरबत्तीचा उल्लेख करण्याचे मला सुचले नाही.