उकुलेलेचा अ‍ॅम्प: वॉट नंतर, आधी जॅक बघा

दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती वॉटचा दाखवू?' उकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) वाजवणाऱ्याने हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ढकलावा. ३ वॉटच्या डबीतून वाद्य गोड ऐकू येतं आणि ४० वॉटच्या ट्रॉली स्पीकरमधून तेच पत्र्यासारखं वाजतं, हे सर्रास घडतं. गडबड बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसते, जिथे केबल खोचली तिथे असते.

उकुलेलेच्या तारा नायलॉनच्या नाहीतर फ्लोरोकार्बनच्या. इलेक्ट्रिक गिटारच्या चुंबकी पिकअपला (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) पोलादी तार लागते, त्यामुळे तो इथे निकामी. उकुलेलेत पिझो बसवतात: सॅडलखाली (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) पातळ पट्टी, किंवा पोटाच्या आतून ब्रिजखाली चिकटवलेली चकती. पिझो दाबाची वीज करतो, पण ती वीज फार अशक्त असते. पुढच्या इनपुटने ती जरा जास्त ओढली की आधी खालचे सूर गळतात. इनपुटचे ओहम जितके कमी, तितकी ही ओढ जास्त.

किती गळतात ते मोजता येतं. सॅडलखालच्या पट्टीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १००० पिकोफॅरड धरू. इनपुट १ मेगओहमचं असेल तर १६० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरायला लागतो. उकुलेलेची मोकळी सी तार २६२ हर्ट्झची आणि लो-जी (खालच्या सुराची जी तार) लावली तरी ती १९६ची, म्हणजे सगळं सुरक्षित. तेच इनपुट ५० किलोओहमचं असेल तर ही रेघ ३२०० हर्ट्झवर जाते आणि बाराव्या पडद्यावरची ए (८८० हर्ट्झ) देखील तिच्या बरीच खाली राहते. ऐकू येतो तो फक्त नखांचा खरखराट. ट्रॉली स्पीकरच्या माइक इनपुटला तर याहून कमी ओहम असतात. मग लोक बेस वाढवतात, स्पीकर घुमायला लागतो, सूर काही परत येत नाहीत.

म्हणून आधी आपल्या वाद्यात काय आहे ते बघा. कडेला आवाजाची बटणं, ट्यूनर आणि बॅटरीचा कप्पा असेल तर आत प्रीअ‍ॅम्प (सिग्नल सशक्त करणारं छोटं सर्किट) आहे, म्हणजे पिकअप अ‍ॅक्टिव्ह. काहींमध्ये साउंडहोलच्या काठावर बोटाने फिरवायची छोटी चाकं असतात आणि आत बटण सेल. टॉर्च मारून बघा. यातलं काहीच नसून फक्त जॅक असेल तर पॅसिव्ह. अ‍ॅक्टिव्ह वाद्य जवळपास कशालाही जोडता येतं. पॅसिव्हला गिटार किंवा अकूस्टिक इनपुट हवं, आणि ते १ मेगओहम किंवा जास्त आहे हे माहितीपत्रकात वाचून घ्यायचं. नसेल तर मध्ये पिझोसाठीचा वेगळा प्रीअ‍ॅम्प लावावा लागतो.

इथे एक गंमत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वडापावच्या किमतीत मिळणारी २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती याबाबतीत जास्त सोशिक असते. तिची धारिता २० हजार पिकोफॅरडच्या आसपास, त्यामुळे ५० किलोओहमच्या इनपुटलाही तिचे खालचे सूर टिकतात. मात्र ती बोटांची घासाघीस आणि पोटावरची टकटकही इमानाने पकडते.

अ‍ॅक्टिव्ह वाद्याची केबल निवडताना एक चूक हमखास होते. बहुतेक प्रीअ‍ॅम्पची बॅटरी जॅकमधूनच चालू होते: साधा मोनो प्लग आत गेला की जॅकमधली रिंग जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला) टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. प्लगवर दोन काळ्या रेघा असलेली स्टीरिओ केबल लावली तर ते होत नाही आणि वाद्य मुकं राहतं. एकच रेघ असलेली केबल घ्या. या सोयीची दुसरी बाजू अशी, की केबल रात्रभर खोचून ठेवली तर बॅटरी रात्रभर जळते. पॅसिव्ह वाद्याला केबल ३ मीटरच्या आत ठेवा. केबलची स्वतःची धारिता मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असते, तेव्हा ५ मीटरला पट्टीचा सिग्नल दोनतृतीयांश उरतो. सूर बिघडत नाही, आवाज बसतो.

घरात ब्लूटूथ स्पीकर आहे, तोच वापरू का? ब्लूटूथने नको. तार छेडल्यावर आवाज यायला १०० ते २०० मिलिसेकंद लागतात, त्यात ताल धरणं अशक्य. ऑक्सचं भोक (केबलने आवाज आत घ्यायची जागा) असेल तर अ‍ॅक्टिव्ह वाद्य चालेल. पण काही स्पीकर ऑक्सचा आवाजही आधी डिजिटल करून मग सोडतात आणि तिथेही थोडा उशीर होतो. विकत घेण्याआधी एकदा जोरात 'डाउन-अप' वाजवून बघा, कानाला लगेच कळतं.

आता वॉट. दहापट वॉट केले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ३ वरून ५ वॉटवर जाऊन फारसं काही हाती लागत नाही. खोलीत सराव आणि चारपाच जणांसमोर गाणं याला ३ ते ५ वॉट पुरतात. सोसायटीच्या अंगणात, लोक बोलत असताना वाजवायचं तर १५ ते ३० हवेत. स्पीकरचा आकार जास्त महत्त्वाचा. उकुलेलेत १९० हर्ट्झच्या खाली काही नसल्यामुळे मोठा वूफर लागत नाही, पण ३ इंची स्पीकर सी तारेला अंग देत नाही. ४ ते ६.५ इंच बरोबर. फक्त बॅरिटोन उकुलेले १४७ हर्ट्झपर्यंत उतरतो, त्याला वरच्या टोकाचा घ्या.

नावं घ्यायची तर: ब्लॅकस्टार फ्लाय ३ (३ वॉट, ३ इंच) खिशाला परवडतो, पण तो मनाने इलेक्ट्रिक गिटारचा. रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स (३ वॉट, ५ इंच) उकुलेलेला चांगला, मात्र त्यातलं 'अकूस्टिक सिम' निवडू नका. ते इलेक्ट्रिक गिटारला अकूस्टिक भासवण्यासाठी आहे, पिझोवर लावलं की आवाज काचेसारखा टोचतो. 'जेसी क्लीन'वर ठेवा. रोलँड मोबाइल एसी (५ वॉट, ४ इंची दोन) मुळातच अकूस्टिक वाद्यांसाठी, माझी पसंती याला. हे तिन्ही ६ पेन्सिल सेलवर चालतात. अंगणासाठी रोलँड एसी-३३: अ‍ॅडाप्टरवर ३० वॉट, ८ सेलवर २०, आणि शिट्टी (फीडबॅक) दाबायची वेगळी सोय. सेल रिचार्जेबल घ्या, प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने सहांचे ९ऐवजी ७.२ व्होल्ट होतात, तेव्हा पूर्ण आवाजाला थोडा आधी फाटतो. अ‍ॅडाप्टर मात्र कंपनीचाच. बाजारातले बरेचसे अ‍ॅडाप्टर आत प्लस असतात, गिटारच्या उपकरणांना बहुधा आत मायनस लागतो, आणि उलटा लावला तर अ‍ॅम्प जायची भीती.

जोडणी अशी. अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर, केबल दोन्हीकडे खोचा, मगच अ‍ॅम्प चालू करा. वाद्यावरचा आवाज पाऊण ठेवा. तिथे कमी आणि अ‍ॅम्पवर जास्त केलं की सूंसूं वाढते. चारही तारा जोरात छेडत गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि मग मास्टर (एकूण आवाज) वाढवा. बेस, मिड, ट्रेबल मध्यावरून सुरू करा. बेस घड्याळातल्या नऊवर आणा, तिथे फक्त हाताचा धक्का आणि घुमारा असतो. प्लॅस्टिकचा डबा वाजवल्यासारखं वाटत असेल तर ट्रेबल अकरावर आणा, आणि वाद्यावर मिडचं बटण असेल तर तेही थोडं उतरवा. रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखा घुमार) नऊ ते दहा. अ‍ॅम्प जमिनीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की खालचे सूर फुगतात, म्हणून खुर्चीवर, भिंतीपासून हातभर पुढे.

शिट्टी येते ती साउंडहोलमुळे. पोटातली हवा एका ठरावीक सुरावर डोलते; भोकाशी तोंड नेऊन खालून वर हुंकार देत गेलात तर त्या सुरावर वाद्य हातात थरथरतं. अ‍ॅम्प बहुधा त्याच सुरावर ओरडतो. आधी अ‍ॅम्पची जागा बदला: तो वाजवणाऱ्याच्या पुढे आणि बाजूला असावा, भोकाकडे तोंड करून नको. फेज बटण (आवाजाची लाट उलटी करणारं) असेल तर उलटं करून बघा. तरी थांबत नसेल तर भोकाला रबरी झाकण.

घरघरीचा प्रकार निराळा. इलेक्ट्रिक गिटारवर तारांना हात लावला की घरघर कमी होते, कारण तारा जमिनीशी जोडलेल्या असतात. नायलॉनला ते लागू नाही. जॅकच्या धातूला बोट लावा. घरघर थांबली तर आत पिकअपच्या तारेला शील्डिंग कमी आहे. सेलवर टाकल्यावर थांबली तर दोष अ‍ॅडाप्टरचा.

एकच तार दबलेली येत असेल तर अ‍ॅम्पला दोष देऊ नका. सॅडल खालून सपाट नसतं, किंवा खाचेत भुसा अडकलेला असतो. तारा सैल करून सॅडल उचला, पट्टीला न ओढता ब्रशने खाच साफ करा. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सॅडलचा तळ चारपाच वेळा सरळ घासा. घासण्याआधी पेन्सिलने तळावर रेघा मारून ठेवा, सगळ्या एकदम पुसल्या गेल्या की थांबा. जास्त घासलं तर तारा खाली येतात आणि पडद्यांवर खडखडतात.