तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तेहतीसच तर आहे, मग रडता कशाला?’

एप्रिल लागला की पुण्या-सोलापूरकडच्या नातेवाइकांचा हा प्रश्न ठरलेला. मोबाइलवर आमच्या वेंगुर्ल्याचा आकडा बघायचा आणि वर स्वतःचे चाळीस ऐकवायचे. तर ऐका.

आमच्याकडे मे महिन्यात माठ गार होत नाही. नवा, चांगला पाझरणारा माठ, बाहेरून ओलाकच्च, तरी आतलं पाणी जेमतेम पिण्यासारखं. पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून माठ निवतो. इथे हवाच आधी पाण्याने भरलेली, ती आणखी कुठलं ओढणार? घामाचंही तेच. तुमचा घाम सुकतो, अंग निवतं. आमच्याकडे आंघोळ करून टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत पाठीवरून पुन्हा धारा. शिवाय तुमची रात्र तरी थंडावते. आमची सव्वीस-सत्तावीसला अडून बसते, कारण समुद्राला तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही.

आणि खरी मेख अशी की आमचा सगळ्यात चढा आकडा बहुतेकदा मे महिन्यात नसतोच. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. एरवी दुपार व्हायच्या आत खारा वारा सुटतो आणि पारा थोपवतो. पण काही दिवस सह्याद्रीवरून पूर्वेचा वारा जोरात येतो. घाट उतरताना हवा दाबली जाते, आणखी तापते, कोरडी होते. खारा वारा किनाऱ्याबाहेरच खोळंबतो आणि तेवढ्यात पारा अडतिशी गाठतो. उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खातं मैदानात किमान ४० अंश धरतं, किनाऱ्यावर ३७, ते काही उगीच नाही.

अशा दिवशी माठ झकास गार! कपडे तासाभरात खडखडीत, ओठ फुटलेले. आंबेवाले मात्र हवालदिल. गोटीएवढी कैरी देठ सोडते, राहिलेल्या फळांवर उन्हाचे चट्टे. गावात उन्हाळ्याची काळजी म्हणजे ही. घामाचं रडगाणं आम्ही फक्त तुमच्याजवळ गातो.

मे सरताना दुपारचे ढग घाटमाथ्यावर चढतात, गडगडाट पूर्वेकडून येतो आणि आम्ही नुसते माना वर करून बघतो. जूनमध्ये वारा फिरला की पाऊस समुद्राकडून. आम्हाला भिजवून तो डोंगराला भिडतो, आणि आंबोलीला आमच्या दुपटीहून जास्त कोसळतो.

मग मे महिन्यात यायचं की नाही? या ना, आंबे तेव्हाच. दुपारी पोरांना घरात कोंडा, उन्हं कलली की सागरेश्वरच्या किनाऱ्यावर सोडा. अगदीच जीव नकोसा झाला तर सावंतवाडीवरून आंबोली गाठायची. उंची सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे चार-पाच अंशांची सुटका. आणि वहिनी, कपडे सुती आणा हो. गेल्या खेपेच्या त्या चकचकीत पॉलिस्टरच्या कुर्त्यांचं इथे काही खरं नाही.