लस दिली तरी जुलाब झालेच की!

जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात एखाद्या तान्ह्याला उलट्या-जुलाब लागले की घरातलं पहिलं निदान ठरलेलं: "दात येतायत." दातांचा दोष नाही, पण वेळ मात्र जुळते. नाळेतून मिळालेली आईची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) सहाव्या महिन्याच्या सुमाराला ओसरतात, तेव्हाच पहिला दात डोकावतो आणि बाळ हाती येईल ते तोंडात घालतं. त्यात थंडी हा रोटाव्हायरसचा, म्हणजे लहानग्यांना जुलाब लावणाऱ्या विषाणूचा हंगाम.

हा विषाणू लहान आतड्यातल्या अन्नपाणी शोषणाऱ्या पेशीच मारतो. शिवाय त्याचं एनएसपी४ नावाचं प्रथिन आतड्याला उलटं पाणी सोडायला लावतं. आधी ताप-उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, ३ ते ८ दिवस. नव्या पेशी आल्या की थांबतात. अँटिबायोटिकचा यात काडीचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे देतात. "लस दिली तरी जुलाब झालेच" म्हणून तिच्यावर रुसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: प्रत्यक्ष रोगातसुद्धा रोटा एकदा होऊन कायमचा सुटत नाही. पहिला संसर्ग सहसा सगळ्यात जड जातो. मग आतड्याच्या अस्तरावर आयजीए नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढचे हलके जातात. लस त्या पहिल्या संसर्गाची जागा घेते, तेवढंच. आईची प्रतिपिंडं आणि कुपोषण तिचा जोर कमीही करतात. रोटाव्हॅक या रोटाच्या लसीच्या भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षी रोटाच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिसलं. शंभर नव्हे. पण सलाइनपर्यंत जाणारी निम्मी लेकरं वाचत असतील, तर मला हा सौदा मोठा वाटतो.

बाकीचं काम ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीच्या पाण्याचं, आणि गफलत तिथेच होते. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर; कालवलेलं २४ तासांपर्यंतच वापरायचं, उरलेलं टाकायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच. सोबत झिंक १४ दिवस: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, त्यापुढे रोज २०. जुलाब थांबले म्हणून गोळी मध्येच सोडू नये.

डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, लघवी होईना, पिणंच सोडलं, तर घरी वेळ न घालवता दवाखाना. शी लाल, जेलीसारखी आणि बाळ थांबून थांबून कळवळतंय, तर आतड्यात आतडं शिरल्याची शंका. तिथे तासही मोलाचे.

चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत हात धुण्यावरच आधी काटकसर होते. ती तिथे नको. बाळाची शी धुतल्यावर साबण हवाच, आणि जुलाब थांबल्यावरही काही दिवस, कारण विषाणू शीतून येतच असतो. पिंपातलं पाणी दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचं.