इंग्रजी व्याकरणाची उजळणी: कॅपिटल अक्षरे संपली, स्वल्पविराम चालू आहे

उजळणीच्या या टप्प्यात मी अभ्यासाचा क्रम बदलला. व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत शब्दांच्या जाती, काळ आणि प्रयोग संपल्यावर शेवटच्या काही पानांत विरामचिन्हे येतात आणि ती सुट्या नियमांची यादी म्हणून पाठ करावी लागतात. मी त्याऐवजी उपवाक्यांपासून सुरुवात केली, कारण इंग्रजीतील स्वल्पविरामाचे महत्त्वाचे नियम बहुतांशी एकाच प्रश्नावर उभे आहेत: या वाक्यात उपवाक्ये किती आणि त्यांचे परस्परांशी नाते काय? ‘श्वास घ्यावासा वाटेल तेथे स्वल्पविराम द्यावा’ हा सर्वपरिचित सल्ला मी बाजूला ठेवला आहे. लांबलचक कर्ता संपल्यावर क्रियापदापूर्वीही श्वास घ्यावासा वाटतो आणि नेमक्या त्याच जागी एकटा स्वल्पविराम इंग्रजीला चालत नाही.

सरावासाठी मी छापील मजकुराचा एखादा परिच्छेद निवडतो, त्यातील सर्व कॅपिटल अक्षरे स्मॉल करतो, सर्व चिन्हे काढून टाकतो आणि मूळ मजकूर पुरेसा विसरल्यावर तो परिच्छेद पुन्हा सजवतो. मुळाशी ताडून पाहताना जेथे फरक दिसेल तेथे समासात ‘नियम’, ‘अर्थ’ किंवा ‘शैली’ यांपैकी एक शब्द लिहितो. ही वर्गवारी हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे, कारण विरामचिन्हांवरून हिरिरीने होणारे अनेक वाद मुळात शैलीचे असतात आणि ते नियमाच्या नावाखाली लढले जातात.

कॅपिटल अक्षरांचा भाग आता पूर्ण झाला. देवनागरीत अक्षराची मोठी आणि छोटी अशी दोन रूपे नसल्यामुळे आपल्याला हा विषय पूर्णपणे नियमांवरूनच शिकावा लागतो. वाक्याचा आरंभ आणि ‘मी’ या अर्थाचे सर्वनाम ‘आय’ यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. खरी परीक्षा विशेषनाम आणि सामान्यनाम यांच्या सीमेवर होते. वारांची आणि महिन्यांची नावे कॅपिटलने सुरू होतात, ऋतूंची होत नाहीत. भाषेचे नाव नेहमी कॅपिटलने लिहायचे, म्हणून अभ्यासविषयांच्या यादीत ‘फ्रेंच’ला कॅपिटल मिळते आणि शेजारच्या ‘हिस्टरी’ला मिळत नाही. ‘मदर’ हा शब्द नावासारखा एकटा वापरला तर कॅपिटल, ‘माय मदर’ म्हटले की स्मॉल. दिशा सांगणारा ‘नॉर्थ’ स्मॉल असतो, तोच शब्द एखाद्या प्रदेशाचे नाव झाला की कॅपिटल होतो. पदांचेही तसेच: ‘प्रेसिडेंट लिंकन’ येथे कॅपिटल, परंतु ‘द प्रेसिडेंट’ असा नुसता उल्लेख असेल तर आजच्या बहुतेक शैलीपुस्तकांचा (म्हणजे लेखनाची एकसारखी पद्धत ठरवून देणाऱ्या पुस्तकांचा) कल स्मॉलकडे आहे.

शीर्षकांतील कॅपिटल मात्र सरळ ‘शैली’च्या रकान्यात जाते. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत चार किंवा अधिक अक्षरांच्या प्रत्येक शब्दाला कॅपिटल दिले जाते, मग तो शब्दयोगी का असेना. शिकागो मॅन्युअल हे शैलीपुस्तक शब्दयोगी शब्द कितीही लांब असला तरी तो सहसा स्मॉलच ठेवत असे; 2024 च्या अठराव्या आवृत्तीत मात्र पाच किंवा अधिक अक्षरांच्या शब्दयोगींना कॅपिटल देण्याचे ठरले. ‘इंटरनेट’ हा शब्द एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने 2016 मध्ये स्मॉल केला. अशा तपशिलांवर परीक्षेत गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. एका मजकुरात एकच पद्धत पाळली जाते की नाही एवढेच पाहावे.

या संदर्भात 1787 मध्ये लिहिलेली अमेरिकेची राज्यघटना हस्तलिखिताच्या रूपात अवश्य पाहावी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिच्यात सामान्यनामेही मोठ्या प्रमाणात कॅपिटलने लिहिलेली आहेत. शिवाय पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात ‘त्याचे’ या अर्थाचा ‘इट्स’ चक्क अपोस्ट्रॉफीसह, म्हणजे अक्षरांच्या वरच्या बाजूस येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हासह, आढळतो. आज हीच गोष्ट अशिक्षितपणाची खूण समजली जाते, पण सतराव्या आणि अठराव्या शतकांत ती सर्रास चालत होती. सध्याचा नियम सरळ आहे: ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप असेल तरच अपोस्ट्रॉफी, स्वामित्व दाखवायचे असेल तर नाही, जशी ती ‘हिज’ आणि ‘हर्स’ यांनाही नसते. अपोस्ट्रॉफीचे बाकीचे नियम भराभर उरकले. अनेकवचनी ‘स्टुडंट्स’चे स्वामित्व दाखवताना ती शेवटच्या ‘एस’नंतर येते आणि नुसत्या अनेकवचनासाठी ती लावायची नसते.

स्वल्पविरामाकडे वळल्यावर मात्र गती मंदावली आणि ती मंदावणे योग्यच होते. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘नॉर’, ‘फॉर’, ‘येट’ आणि ‘सो’ ही सात प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यये. यांच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद असलेले पूर्ण वाक्य असेल, तर अव्ययापूर्वी स्वल्पविराम द्यायचा. एकाच कर्त्याची दोन क्रियापदे जोडली असतील, तर सहसा द्यायचा नाही. ‘हाउएव्हर’ अर्थाने ‘बट’च्या जवळचा असला तरी या सातांत बसत नाही, म्हणून दोन पूर्ण वाक्यांमध्ये तो आला की त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्ये चिकटवणे हा ‘कॉमा स्प्लाइस’ नावाचा दोष मानला जातो. गौण उपवाक्य आधी आले तर त्याच्यानंतर स्वल्पविराम येतो, ते शेवटी आले तर बहुधा येत नाही. ‘की’ जवळ स्वल्पविराम देण्याची मराठी सवय ‘दॅट’पर्यंत नेऊ नये, ‘शी सेड दॅट’ येथे चिन्ह लागत नाही.

सर्वांत अधिक वेळ संबंधी उपवाक्यांना दिला, कारण येथे स्वल्पविराम अर्थच बदलतो. ‘द स्टुडंट्स हू हॅड फिनिश्ड लेफ्ट’ हे वाक्य चिन्हाविना लिहिले तर ज्यांचे काम झाले होते तेवढेच विद्यार्थी गेले. ‘हू हॅड फिनिश्ड’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले तर सगळेच विद्यार्थी गेले आणि सगळ्यांचेच काम झाले होते. त्यामुळे केवळ रचना पाहून येथे चिन्ह लावता येत नाही. लेखकाला काय म्हणायचे आहे ते आसपासच्या वाक्यांवरून ठरवावे लागते. समासातील ‘अर्थ’ हा शेरा मुख्यतः याच ठिकाणी लिहिला जातो.

यादीतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’पूर्वीचा स्वल्पविराम, म्हणजेच ‘ऑक्सफर्ड कॉमा’, मी ‘शैली’त टाकला होता आणि तो तेथेच ठेवला आहे. शिकागो मॅन्युअल तो द्यायला सांगते, एपी शैली साध्या यादीत तो टाळते. मात्र शैलीची निवडही कधीकधी महागात पडते, याचे उदाहरण अमेरिकेच्या मेन राज्यात घडले. तेथील कायद्याने काही कामांना जादा वेळेच्या वाढीव मजुरीतून वगळले होते आणि त्या यादीचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा होता. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नसल्यामुळे वितरण हे स्वतंत्र काम की पॅकिंगचाच एक हेतू, असा प्रश्न निर्माण झाला. जादा मजुरीसाठी दावा करणारे ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल वितरित करत, पॅकिंग करत नसत. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता त्यांच्या बाजूने सोडवली आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरची तडजोड झाली. गमतीचा भाग असा, की मेनच्या विधिलेखन पुस्तिकेतच हा स्वल्पविराम देऊ नये अशी सूचना होती. कायद्यात नंतर दुरुस्ती झाली, तेव्हा त्या यादीत स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले.

अर्धविराम आणि अपूर्णविराम लवकर झाले. 1490 च्या दशकात व्हेनिस येथे आल्डस मॅन्युशियस यांच्या छापखान्यात अवतरलेला अर्धविराम दोन पूर्ण, पण अर्थाने जवळच्या वाक्यांमध्ये बसतो, अथवा ज्या यादीतील घटकांत आधीच स्वल्पविराम आहेत तेथे उपयोगी पडतो. अपूर्णविरामापूर्वीचा भाग स्वतः पूर्ण वाक्य असावा एवढी एकच कसोटी मी लावतो, त्यामुळे ‘सच अॅज’ किंवा ‘इन्क्लूडिंग’नंतर तो देण्याचा मोह आपोआप टळतो.

पुढच्या टप्प्यासाठी अवतरणचिन्हे आणि संयोगचिन्ह राखून ठेवले आहेत. अमेरिकन पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम अवतरणाच्या आत जातात, तर ब्रिटिश पद्धतीत ते मूळ उद्धृताचा भाग असतील तरच सहसा आत जातात. म्हणून दोन्हींचे परिच्छेद एकत्र मिसळण्याऐवजी आधी केवळ ब्रिटिश मजकूर घेईन. संयोगचिन्हात ‘वेल नोन’सारखे शब्द नामापूर्वी जोडायचे आणि नामानंतर सुटे ठेवायचे, तसेच ‘एलवाय’ने संपणारे क्रियाविशेषण पुढच्या शब्दाशी जोडायचेच नाही, येथून सुरुवात होईल. ज्यांनी हा भाग आधी केला आहे त्यांनी सरावाचा मजकूर कोठून निवडला ते कळवावे. वृत्तपत्रीय मजकुरात संयोगचिन्हे पुरेशी मिळतात, पण अवतरणांतर्गत अवतरणांसाठी संवादप्रधान गद्यच शोधावे लागेल असे दिसते.